हॅम्बल्डनचे गावकरी: 28 मिमी क्लबमेनच्या नोंदी

11 मे 2024

आज खोकं उघडलं. 36 फिगर, म्हणजे रंगवून टेबलावरच्या युद्धखेळात मांडायचे छोटे पुतळे, सगळ्या धातूच्या, 28 मिमी. दोन वर्षं मनात घोळत असलेलं काम अखेर टेबलावर आलं: 1645 च्या उन्हाळ्यातले, इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्याचे क्लबमेन.

इंग्लंडच्या यादवी युद्धाचं माझं सैन्य आतापर्यंत ठरीव वाटेनेच गेलं. राजाची एक बाजू, संसदेची दुसरी. लांब भाल्यांचे पाईकवाले, बंदूकवाले, घोडेस्वार. संसदेची लाल कोटाची फौज, न्यू मॉडेल आर्मी, तर तीन महिन्यांत रंगवून झाली, कारण एकच कोट शंभर वेळा रंगवायचा होता. क्लबमेन यापैकी कुठल्याच बाजूचे नाहीत. ते गावकरी. 1645 पर्यंत युद्धाला तीन वर्षं होत आली होती. दोन्हीकडच्या फौजा गावात उतरायच्या, घराघरांत फुकट मुक्काम ठोकायच्या, घोडे सोडवून न्यायच्या, गुरं हाकलायच्या, आणि वर वर्गणीही वसूल करायच्या. शेवटी श्रॉपशर, वूस्टरशर, हेरफर्डशर, विल्टशर, डॉर्सेट, समरसेट अशा परगण्यांतले शेतकरी सोटे, काटे, कोयते घेऊन उभे राहिले. म्हणणं एवढंच, की तुमचं भांडण तुम्ही निस्तरा, आमच्या गोठ्याला हात लावू नका.

मी ज्या गावात राहतो तिथून गाडीने तासाभरात हॅम्बल्डन हिल येतं. त्यांची आणि संसदेच्या फौजेची शेवटची गाठ तिथे पडली. नोंदी त्यासाठीच ठेवतोय, की या माणसांना रंग देताना काय विचार केला ते पुढे विसरू नये.

18 मे

साफसफाई. साच्याच्या रेघा कानशीने घासल्या, पायाखालचे धातूचे तुकडे कापले, सगळं साबणाच्या पाण्यात धुतलं. नऊ फिगरच्या हातात कंपनीने बारीक, वाकडे भाले दिले आहेत. ते कापून 0.8 मिमीच्या पितळी तारेचे दांडे बसवले. मुठीला हातड्रिलने भोक पाडताना घाई केली की मूठच फुटते. एक फुटली. त्या माणसाला आता मनगटावर फडकं बांधलेलं असेल.

चार जणांच्या हातात मस्केट आहेत. गावकऱ्यांकडे बंदुका होत्या, पण थोड्या. त्यातल्या बऱ्याच पाखरं मारायच्या. म्हणून दोघांच्या मस्केट काढल्या आणि जागी मळणीची जोडकाठी दिली: लांब दांडा, टोकाला चामड्याने बांधलेला आखूड सोटा. उरलेल्या दोघांचे काडतुसांचे पट्टे कापून टाकले. लाकडी डब्यांची ती माळ शिपायाची खूण आहे. गळ्यात ती राहिली तर बघणाऱ्याला आधी फौज दिसेल आणि माणूस नंतर.

2 जून

प्रायमर, म्हणजे तळाचा रंग, मारला. काळा नाही, पांढराही नाही, मध्यम तपकिरी. लोकरीच्या कपड्याला खालून तपकिरी असलं की सुटलेल्या खाचाही मातीच्या वाटतात.

आता रंगांचा प्रश्न, आणि इथे मी बराच वेळ थांबणार आहे. शेतकरी म्हटलं की मिनिएचर रंगवणारा सवयीने चार तपकिरी बाटल्या काढतो आणि सगळ्यांना चिखलात बुडवतो. मीही पहिल्या सैन्याच्या वेळी तेच केलं होतं. पण सतराव्या शतकातलं इंग्रजी गाव तसं बेरंग नव्हतं. लोकर रंगवायला तीन वनस्पती हाताशी होत्या: निळ्यासाठी वोड, लालसाठी मॅडर, पिवळ्यासाठी वेल्ड. निळ्यावर पिवळा चढवला की हिरवा. वोडमधला निळा म्हणजे आपल्या निळीतलाच रंग, फक्त झाड वेगळं. मॅडर तर आपल्या मंजिष्ठेचं भावंड. जाड्याभरड्या लोकरीवर मॅडरचा लाल विटेसारखा उतरतो, कुंकवासारखा नाही. बाटलीतला तयार लाल लावला तर तो माणूस लगेच न्यू मॉडेल आर्मीत भरती झाल्यासारखा दिसतो. मी व्हॅलेहो कंपनीच्या लालमध्ये 'फ्लॅट अर्थ' हा मातकट तपकिरी निम्मा मिसळला, तेव्हा कुठे वीट मिळाली.

आणि न रंगवलेली लोकर. मेंढीच्या अंगावर जशी, तशीच कातून विणलेली. तिच्यासाठी मी कपाटातून घोंगडी काढली.

ही घोंगडी आजोबांची, आटपाडीकडच्या धनगरांकडून घेतलेली, माझ्याबरोबर विमानाने इथवर आली. आम्ही तिला काळी म्हणतो. आज खिडकीशी नेऊन नीट पाहिली. आतली घडी खरंच काळी आहे, पण वर्षानुवर्षं ऊन लागलेली बाजू तांबूस झाली आहे, गुळाच्या काकवीसारखी. काळी लोकर उन्हात राखाडी होत नाही, तांबूस होते. आणि जवळून पाहिलं तर एका रंगाची नाहीच: काळे, तपकिरी, मधूनच पांढरे केस एकाच धाग्यात वळलेले आहेत. मेंढ्या दख्खनच्या काय आणि डॉर्सेटच्या काय, काळ्या लोकरीवर ऊन काम करतं ते सारखंच.

म्हणून काळ्या लोकरीच्या कोटांची कृती बदलली. तळाला गडद काळपट तपकिरी, त्यावर 'इंग्लिश युनिफॉर्म'चा पातळ थर, आणि खांदे, पाठ, टोपीचा माथा, म्हणजे जिथे ऊन पडतं तिथे, 'बेज ब्राउन'मध्ये चिमूटभर वीट. राखाडी कुठेच नाही. नंतर बारीक ब्रशने धाग्यांचे आडवे-उभे तुटक फराटे. हे फराटे हातभर अंतरावरून दिसत नाहीत, पण कापड जाडं आहे एवढं डोळ्याला कळतं.

9 जून

पहिले सहा पूर्ण. दोन न रंगवलेल्या लोकरीचे, एक विटेचा, एक फिका निळा, एक मळकट हिरवा, एक मेंढीच्या पांढऱ्या लोकरीचा. पांढऱ्यासाठी 'इराकी सँड', वर अगदी थोडा पांढरा. सगळ्यांवर 'अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड'चा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंग, पण पाणी मिसळून आणि फक्त चुण्यांत. अख्ख्या फिगरवर वॉश ओतला की सगळे एकाच ओढ्यातून बाहेर पडल्यासारखे दिसतात.

पॅलेटवर एक नियम केला आहे: एका बैठकीत एकच कोटाचा रंग मिसळायचा आणि तो दोनपेक्षा जास्त जणांना द्यायचा नाही. 36 माणसांत निदान अठरा मिश्रणं होतील. वेळ लागेल.

23 जून

आज कामाची दिशाच बदलली, आणि ती आईमुळे.

व्हिडिओ कॉलवर तिला पूर्ण झालेले दहा दाखवत होतो. तिला या खेळातलं काही कळत नाही, पण ती माझ्या फिगर नेहमी मन लावून बघते. मी चार जणांचे गुडघे फाटके केले होते, कोपराला भोकं, बाहीच्या कडेला लोंबणारे धागे. गरीब शेतकरी दाखवायचा म्हणून.

आई म्हणाली, "हे फाटके का रे?"

म्हटलं, "शेतकरी आहेत ना, आई. गरीब. त्यातून युद्धाचे दिवस."

"म्हणून फाटकं घालून गावाबाहेर पडतील? तुझ्या आबांच्या बंडीला सात ठिगळं होती, पण भोक एक नव्हतं. भोक दिसलं तर लोक घरातल्या बाईला नावं ठेवायचे."

मग तिने ठिगळांबद्दल जे सांगितलं ते मी पेन घेऊन उतरवलं. ठिगळ कुठेही नसतं. गुडघा, कोपर, बूड, आणि ज्या खांद्यावर ओझं घेतात तो एक खांदा, दोन्ही नाही. ठिगळाचा तुकडा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला धरून लावतात, म्हणून तो चौकोनी किंवा लांबट दिसतो. कडा आत दुमडलेली असते, त्यामुळे ती जरा उंच येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ठिगळ मूळ कापडापेक्षा गडद असतं. कारण ते ठेवणीतल्या तुकड्याचं, त्याने ऊन पाहिलेलं नसतं.

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्या सगळ्या फिगर डोळ्यांपुढे आल्या. मी आजवर रंगवलेली सगळी ठिगळं फिकी होती.

लगेच त्या चौघांना पुन्हा घेतलं. भोकं ग्रीन स्टफ या कडक होणाऱ्या लांबीने बुजवली, सुकल्यावर वरून रंग. जुन्या निळ्या कोटाच्या उजव्या खांद्यावर गडद निळा लांबट चौकोन, कडेने एक फिकट रेघ, आणि रेघेवर अगदी टोकदार ब्रशने टाक्यांचे ठिपके. सात ठिपके. तो माणूस क्षणात बदलला. आधी तो भणंग वाटत होता, आता त्याच्यामागे घर आहे, सुईत दोरा ओवणारं कुणीतरी आहे. तो काय राखायला आला आहे, ते त्या खांद्यावर दिसतं.

या कामात मला हेच हवं होतं, ते आज कळलं. हे लोक दरिद्री जमाव नव्हते. गमावण्यासारखं काही असलेले लोक होते, म्हणून उभे राहिले. यापुढे या गटात एकही भोक नाही.

14 जुलै

पांढरी फीत. वेगवेगळ्या रंगांची 36 माणसं एका गटाची कशी दिसणार, याचं उत्तर त्यांनी स्वतःच देऊन ठेवलं आहे. डॉर्सेट-विल्टशरचे क्लबमेन ओळखीसाठी पांढऱ्या फिती लावत. गणवेश नव्हता, फीत होती.

पातळ कागदाच्या 1 मिमी पट्ट्या गोंदात भिजवून टोपीला, दंडाला बांधल्या. ग्रीन स्टफची फीत करून पाहिली, ती दोरखंडासारखी जाड झाली. कागद बरोबर. रंगाला मात्र निव्वळ पांढरा घेतला, हस्तिदंती किंवा मळका नाही. बाकी सगळं ऊन-पावसाचं, फीत तेवढी कालच घरात कापलेली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून पाहिलं तर कोट वेगळे दिसतात आणि पांढरे ठिपके एकत्र.

ध्वजही आज लिहिला. त्यांच्या निशाणावर दोन ओळींचं यमक होतं. मतलब असा, की आमची गुरं लुटायला याल, तर खात्रीने लढाईला आमंत्रण समजा. इंग्रजीत 'कॅटल'ला 'बॅटल' जुळतं. गाईगुरांचं यमक थेट लढाईशी! आपल्याकडच्या कुठल्याही गावात हे यमक कुणालाही समजावून सांगावं लागलं नसतं.

निशाण 45 मिमी रुंद, म्हणून मजकूर पाच ओळींत मोडला. पहिल्या प्रयत्नात अक्षरं सुबक, छापल्यासारखी आली, आणि तीच चूक होती. दुसऱ्यांदा ओळी आधी न आखता लिहिलं. चौथ्या ओळीत जागा संपत आली आणि अक्षरं दाटली. हातात चुना-कुंचला घेऊन भिंतीवर लिहिणाऱ्याचं असंच होतं. ते तसंच ठेवलं.

4 ऑगस्ट

आज मुद्दाम हॅम्बल्डनला गेलो. 1645 साली हीच तारीख होती. तेव्हा इंग्लंड जुन्या कॅलेंडरवर होतं, आजच्या हिशेबाने तो दिवस 14 ऑगस्टला येतो, पण ऊन आणि गवत त्याच हंगामाचं.

टेकडी चुनखडीची, वर लोहयुगातला मातीचा किल्ला. तटाच्या ओळी अजून एवढ्या उंच आहेत की चरात उतरलं की वरचा माणूस दिसत नाही. वाऱ्याने कान बधिर होतात. खाली स्टूर नदीचं खोरं, कुरणं, गाई. ज्यांच्यासाठी भांडण, ती गुरं वरून आजही मोजता येतात.

प्रसंग थोडक्यात असा. 2 ऑगस्टला शाफ्ट्सबरीत जमलेल्या क्लबमेनच्या पुढाऱ्यांना संसदेच्या बाजूच्या फ्लीटवुडच्या घोडदळाने पकडलं, सुमारे 50 जण. संसदेचा सेनापती फेअरफॅक्स याची फौज शेरबोर्नच्या किल्ल्याला वेढा घालून बसली होती आणि पाठीशी हत्यारबंद गावकरी तिला नको होते. 4 तारखेला त्याचा घोडदळप्रमुख क्रॉमवेल स्वार घेऊन निघाला. शाफ्ट्सबरीजवळच्या दुसऱ्या एका टेकडीवर जमलेले लोक त्याच्याशी बोलून घरी गेले. हॅम्बल्डनवरचे, साधारण 2000, गेले नाहीत. जुन्या तटामागे त्यांनी जागा धरली. आत जायची वाट जेमतेम तीन घोडे शेजारी-शेजारी जातील एवढी. समोरून आलेलं घोडदळ त्यांनी तिथे थोपवलं. मग क्रॉमवेलचा मेजर डेसबरो टेकडीला वळसा घालून मागून चढला आणि सगळं संपलं.

मी त्या वाटेच्या तोंडाशी उभा राहिलो. हातात गवताचा काटा, समोर सुटलेला घोडा, आणि तरी जागा न सोडणं. मी घोडेस्वार फार आवडीने रंगवतो. आज पहिल्यांदा त्यांच्याकडे या बाजूने पाहिलं.

क्रॉमवेलने त्याच दिवशी फेअरफॅक्सला पत्र लिहिलं. मारले गेलेले बारासुद्धा नसतील, असं तो म्हणतो. पुष्कळांना वार लागले, सुमारे 300 पकडले. त्यांतल्या पुष्कळांना तो 'बिचारी भोळी माणसं' म्हणतो आणि त्यांना घरी पाठवायची परवानगी मागतो. इंग्रजीतला त्याचा शब्द आज 'मूर्ख' या अर्थाने वापरतात, पण तेव्हा त्यात कीव जास्त होती. तरी मला तो शब्द टोचतो. याच क्रॉमवेलने दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या पत्रात रसेटचा साधा कोट घातलेल्या कॅप्टनची थोरवी सांगितली होती. रसेट म्हणजे हेच, गावचं जाडंभरडं तपकिरी कापड. टेकडीवर समोर उभे होते त्यांच्याही अंगावर तेच होतं.

उतरून श्रोटनच्या चर्चमध्ये गेलो. कैद्यांना रात्रभर तिथे कोंडलं होतं. चर्च लहान आहे. 300 माणसं आत बसली असतील तर पाय पसरायला जागा नसणार. मी मागच्या बाकावर दहा मिनिटं बसलो आणि निघालो.

11 ऑगस्ट

बेस, म्हणजे फिगरच्या पायाखालची जमीन. टेकडीवरून काही उचलून आणलं नाही, तिथली जमीन संरक्षित आहे. पण फोटो भरपूर काढले. पायवाटेवर जिथे हिरवळ निघाली आहे तिथे खाली माती नाहीच, थेट पांढरी चुनखडी. म्हणून यावेळी नेहमीचा तपकिरी बेस रद्द. खडू कुटून त्यात बारीक वाळू आणि गोंद, वर फिकट पिवळसर वॉश. गवत 2 मिमीचं, हिरवं कमी, वाळलेलं जास्त, मधूनच जांभळे ठिपके. ती तिथली छोटी रानफुलं. बूटही मग चिखलाचे राहिले नाहीत, टाचांना पांढरी धूळ आली.

7 सप्टेंबर

पाद्री ब्रॅव्हल पूर्ण झाला. कॉम्प्टन अ‍ॅबसचा हा धर्मगुरू हॅम्बल्डनवर पुढारी होता. माघार घेईल त्याला गोळी घालीन असं त्याने बजावल्याचं संसदेच्या बाजूच्या वृत्तांतात आहे. काळा कोट, पांढरी साधी कॉलर, हातात पिस्तूल. काळ्याला निळसर हायलाइट दिला, कारण हा काळा रंगाऱ्याकडचा आहे, मेंढीचा नाही. गटात तो उठून दिसतो. त्याच्या कोटालाही कोपरावर ठिगळ आहे, काळ्यावर काळं. हातात धरून तिरकं केलं तरच दिसतं.

12 ऑक्टोबर

वाईट दिवस. 22 फिगरवर मॅट वार्निश फवारलं आणि अर्ध्या तासात सगळ्यांवर पांढुरकी साय आली. सकाळपासून पाऊस होता, हवा ओली होती, मी दार उघडं ठेवून फवारलं. दोष माझ्या घाईचा. निळे कोट राखाडी, वीट गुलाबी, आणि आईची ठिगळं पुसल्यासारखी. दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही.

13 ऑक्टोबर

एका फिगरवर ब्रशने ग्लॉस वार्निशचा थर दिला. साय विरली! रंग खालून वर आला. सगळ्या 22 जणांना तसंच केलं. आता ते बरणीतल्या आवळ्यांसारखे चकाकताहेत, पण रंग जिवंत आहेत. कोरडा दिवस बघून मॅट पुन्हा, यावेळी फवारा नाही, ब्रश.

26 ऑक्टोबर

मॅट झालं. 19 जण जसेच्या तसे परतले. तिघांच्या चेहऱ्यांना पुन्हा हात लावावा लागला.

16 नोव्हेंबर

आज लढाई झाली. विल्टशरचा एक मित्र क्रॉमवेलचं घोडदळ घेऊन आला. वॉरगेमच्या नियमांत क्लबमेनना सहसा कच्ची फौज धरतात: हल्ला झाला की डगमगणारी, लवकर पळणारी. ते मी मान्य केलं. पण जिंकण्याची अट बदलली. टेकडी राखण्याला गुण नाहीत. खेळ संपेपर्यंत जेवढे गावकरी टेबलाच्या गावाकडच्या कडेने जिवंत बाहेर पडतील तेवढे माझे गुण, आणि वाट रोखून धरली तर दर फेरीला आणखी एक.

याने खेळ पूर्ण वेगळा झाला. वाटेवरचे 12 जण धरून ठेवायचे, की मागे गाव मोकळं असताना त्यांना घरी पाठवायचं? मित्राने दोनदा समोरून धडक दिली, दोनदा परतला. तिसऱ्या फेरीला त्याने डेसबरोला वळशाने पाठवलं. मला दिसत होतं, तरी निशाणवाल्याला हलवायला मन होईना. 17 जण बाहेर पडले. बाकीचे तटात राहिले.

आवरताना मित्राने निळ्या कोटाचा तो गडी उचलून दिव्याखाली धरला आणि विचारलं, हा खांद्यावरचा तुकडा गडद का? मी त्याला आबांच्या बंडीची गोष्ट सांगितली.

17 नोव्हेंबर

रात्री झोप लागली नाही, म्हणून उठून खोक्यात उरलेले हातपाय शोधले. क्रॉमवेलने ज्यांना घरी पाठवायची परवानगी मागितली, ते माझ्याकडे नाहीत. माझे सगळे हत्यार उगारलेले आहेत. दहा फिगर जमतात: हात खाली, मुठी रिकाम्या. दोघांना एकमेकांच्या खांद्याला धरून चालतं केलं. एकाच्या कपाळाला फडकं. टोप्यांवर फीत नाही, पण जिथे ती बांधलेली होती तिथलं कापड कमी उन्हाचं, म्हणून तेवढी एक गडद रेघ रंगवायची आहे.

चिकटवून झाले. उद्या पाऊस नसेल तर प्रायमर.